दोन मॅगझिनपैकी प्रत्येक वेळी एकच का अडतं?

दि. 10 मार्च 2025
मु. पो. जावळी तालुका, जि. सातारा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : .32 बोअर स्टील पिस्तुलासोबत मिळालेले सदोष मॅगझिन बदलून मिळणेबाबत
संदर्भ : माझा जुलै 2024 चा ईमेल, त्याला सप्टेंबरात आलेले आपले उत्तर, आणि आपल्या पुण्याच्या विक्रेत्याची दि. 20 जानेवारी 2025 ची पावती

महोदय,

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा सेवानिवृत्त सुभेदार आहे. नोकरीतली शेवटची सहा वर्षं वेपन ट्रेनिंगचा उस्ताद होतो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. आपल्या उत्तरात एक वाक्य आहे, "ग्राहकाने मॅगझिन भरण्याची योग्य पद्धत शिकून घ्यावी," म्हणून सांगावं लागतंय. ते वाक्य मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलगा हसला, मला काही हसू आलं नाही.

आपलं फुल साइझ पिस्तूल मी 19 जानेवारी 2024 रोजी घेतलं. बाजारात हलकी, प्लॅस्टिकच्या बॉडीची पिस्तुलं होती. विक्रेत्याचा आग्रहही त्यांचाच होता, कारण कमरेला जड होत नाहीत. मी मुद्दाम अख्ख्या स्टीलचं मागितलं. पलटणीत आमच्या हाताला इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 9 मिमी 1ए बसलेलं. ब्राउनिंग हायपॉवर या परदेशी पिस्तुलाच्या घडणीचं, तेरा राउंडांचं (काडतुसांचं), भक्कम. ते बोअर, म्हणजे नळीचं माप, सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही, म्हणून .32. एवढ्या वजनात एवढं छोटं काडतूस, त्यामुळे धक्का नावालाच. पंधरा यार्डांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात. आता माझं वय 61 आणि चष्म्याचा नंबर वाढलेला, हे धरून सांगतो. नळी चांगली आहे, घोडा स्वच्छ सुटतो, मूठ हातात भरते. हे पिस्तूल मला परत करायचं नाही. तक्रार मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरून मुठीत बसवायच्या पेटीची आहे, आणि तीही दोनपैकी एकाची.

पहिल्या दिवशीच दोन्ही मॅगझिनच्या बुडाला मी खूण केली. एकाला पांढरा ठिपका, दुसऱ्याला सूनबाईच्या लाल नेलपॉलिशचा. ही कोतमधली, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातली, जुनी सवय. कोणतं मॅगझिन कधी अडलं याची नोंद नसेल तर आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, तरी काय दुरुस्त करणार? नेमबाजीच्या रेंजवर गेलो की वही सोबत असते. तिचं पान सोबत जोडलं आहे, तरी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये 30 राउंड, जुलैत 30, या फेब्रुवारीत 20, असे एकूण 80. प्रत्येक वेळी निम्मे पांढऱ्यातून, निम्मे लालमधून, काडतुसं एकाच डब्यातली. पांढऱ्यातून 40 झाले, त्यात एक राउंड फुटला नाही. तो दोष काडतुसाचा, आपला नाही. लालमधूनही 40 झाले आणि ते सात वेळा अडलं. पहिल्यांदा तीन, मग दोन, मग दोन.

अडणं प्रत्येक वेळी एकाच तऱ्हेचं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे येते, वरचा राउंड पुढे सरकायला बघतो आणि जागीच कुलूप बसल्यासारखा थांबतो. मॅगझिन काढून वरचा राउंड अंगठ्यानं ढकलला तरी हलत नाही. याला रिम लॉक म्हणतात हे आपल्या लोकांना मी सांगायला नको, पण उत्तर वाचून सांगावंसं वाटतं. .32 चं काडतूस 9 मिमीसारखं बुडाशी सपाट नसतं. त्याच्या बुडाची कडा अंगापेक्षा किंचित बाहेर असते, अंग साधारण साडेआठ मिलिमीटर आणि कडा नऊच्या थोडी वर. भरताना वरच्या राउंडची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे राहायला हवी. नवशिक्या शिपायाकडून कधी उलटं होतं, कबूल. पण बरोबर भरलेलं मॅगझिनसुद्धा उलटं होऊ शकतं. आत पुढे-मागे मोकळी जागा जास्त असली की धक्क्यासरशी राउंड सरकतात आणि वरच्याची कडा खालच्याच्या मागे जाऊन बसते.

माझा पुतण्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. त्याच्याकडून व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीनं, मापं घेतली. काडतुसाची लांबी 25 मिलिमीटरच्या जरा आत भरली. पांढऱ्या खुणेच्या मॅगझिनची आतली लांबी 26 च्या आत. लालची 27 च्या वर. म्हणजे लालमध्ये राउंडला दोन मिलिमीटरहून जास्त मोकळीक, आणि कडेची जाडी आहे एक मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या मोकळ्या जागेत एक कडा दुसरीवरून उडी मारून मागे जाणारच. यात माझ्या अंगठ्याचा काय दोष? आणि भरण्याची पद्धतच चुकत असेल, तर तोच अंगठा पांढऱ्या मॅगझिनमध्ये 40 वेळा बरोबर कसा चालला?

जुलैत तोपर्यंतचं सगळं ईमेलनं कळवलं. सप्टेंबरात वर लिहिलेलं उत्तर आलं आणि पाठोपाठ फोन. फोनवरच्या ताईंनी नम्रपणे सुचवलं, "सर, तुम्ही पिस्तूल आम्हाला कुरिअर करून टाका ना." मी क्षणभर गप्पच झालो. ताईंवर राग नाही, त्यांना कदाचित आधी मिक्सरच्या कंपनीत बसवलं असेल. पण शस्त्र विकणाऱ्या कंपनीनं ग्राहकाला हे सांगावं? मेढ्याच्या कुरिअरवाल्या पोराच्या पिशवीत मी पिस्तूल टाकलं असतं, तर आधी त्या पोराला आणि मग मला पोलिसांनी नेलं असतं. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच, त्यामुळे नुसतं मॅगझिन पाठवायलाही माझी तयारी नाही. दुरुस्तीलाही परवाना लागतो. नाहीतर पुतण्यानं अर्ध्या दिवसात काम केलं असतं. तो म्हणालाही होता, मीच त्याला गप्प केलं.

म्हणून 9 डिसेंबरला परवाना, पिस्तूल आणि दोन्ही मॅगझिन घेऊन स्वतः पुण्याला आलो आणि विक्रेत्याकडे रीतसर जमा केलं. ते 42 दिवसांनी परत मिळालं, पावतीवर दोनच शब्द : "टेस्टेड ओके." मॅगझिन तेच, बुडाला सूनबाईचं नेलपॉलिश जसंच्या तसं. किती राउंड मारून तपासलं, कोणत्या मॅगझिनमधून, याचा कागद मागितला तर म्हणाले, कंपनीकडून काही आलं नाही. वॉरंटी त्याआधी दोन दिवस, 18 जानेवारीला संपली होती. आता नवीन मॅगझिनचे पैसे पडतील, असं सांगण्यात आलं.

या वॉरंटीबद्दल बोलायलाच हवं. गेल्या वर्षी लोकसभा झाली आणि विधानसभाही. आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला मला सांगितलं, त्याप्रमाणे केलं. एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पिस्तूल ठाण्यात होतं. त्यात तुमच्याकडचे 42 दिवस मिळवा. वर्षाच्या वॉरंटीतले जवळजवळ पाच महिने ते माझ्या हातात नव्हतंच. वॉरंटीचा हिशोब ठेवणाऱ्याला भारतात निवडणुका होतात हे ठाऊक असावं. शिवाय पहिली लेखी तक्रार जुलैची, म्हणजे मुदतीच्या पुरती आतली.

स्लाइडच्या खाचांत आणि मुठीच्या पट्टीखाली गंज धरला होता, तो मुद्दा मी सोडून देतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते, आणि ठाण्यातून पिस्तूल मिळाल्यावर तेल-चिंदी करायला मला चार दिवस उशीर झाला. ब्लूइंग, म्हणजे स्टीलवरचा गंज रोखणारा काळसर मुलामा, आणखी चांगलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

माझं मागणं लहान आहे. लाल खुणेच्या मॅगझिनच्या बदल्यात योग्य मापाचं नवं मॅगझिन विनामूल्य द्यावं. ते याच पिस्तुलात, माझ्यासमोर, निदान 20 राउंड मारून तपासावं आणि त्या तपासणीचा कागद द्यावा. काडतुसं तुमची, कारण माझ्या परवान्यावर वर्षाला मोजकीच मिळतात आणि त्यातली 40 तुमच्या मॅगझिनची परीक्षा घेण्यात गेली. जागा पुण्याची चालेल, मी येईन. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. म्हणजे मला साताऱ्यापर्यंतच यावं लागेल, तुम्हाला मात्र थोडं लांब पडेल.

तोपर्यंत पिस्तुलात पांढऱ्या खुणेचं मॅगझिनच राहील. लाल वेगळ्या कप्प्यात रिकामं ठेवलं आहे. तपासणीला येणाऱ्या माणसानं व्हर्नियर आणावा, नसेल तर पुतण्याचा आहे.

कळावे.

आपला ग्राहक,
(सही)
सुभेदार (सेवानिवृत्त)

सोबत : खरेदीची पावती, परवान्याची प्रत, रेंजच्या वहीचे पान, पोलीस ठाण्याच्या दोन जमा-पावत्या, "टेस्टेड ओके" पावतीची प्रत