निळ्या वहीतला हरलेला माणूस

ॲम्स्टरडॅम

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

आई, हे पत्र तूच वाचून दाखवशील. वाचताना बाबांच्या डाव्या हाताला बस, म्हणजे त्यांना मान वळवावी लागणार नाही.

बाबा, तुमच्या निळ्या वहीत १९७८च्या ब्युनोस आयर्स बुद्धिबळ ऑलिंपियाडमधला एक डाव आहे. लिउ वेनझे पांढरा, डॉनर काळा. मी लहान असताना रात्री जेवणं झाली की तुम्ही तो मांडून दाखवायचात. सोळाव्या चालीला पांढरा आपला वजीर देऊन टाकतो आणि विसाव्या चालीनंतर काळा डाव सोडतो. चीनच्या खेळाडूने ग्रँडमास्टरला हरवलं ते पहिल्यांदाच, हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. हरलेला कोण, हे मी कधी विचारलं नाही. तो ह्याच शहरात राहायचा आणि इथेच वारला, हे मला आत्ता कळलं.

इथे माक्स यूवे ह्या जुन्या डच जगज्जेत्याच्या नावाचा एक चौक आहे. जमिनीवर मोठा पट आखलेला आहे आणि सोंगट्या दोन्ही हातांनी उचलून ठेवाव्या लागतात. शनिवारी मी तिथे उभी राहते. म्हातारी माणसं एकमेकांना चाली सुचवत भांडतात, तेव्हा मला आपलं सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ आठवतं. चौकातच बुद्धिबळाचं ग्रंथालय आहे. तिथे डॉनरच्या लेखांचा इंग्रजी अनुवाद मिळाला.

यान हाइन डॉनर. वडील देशाचे कायदामंत्री होते, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष झाले. भाऊही मोठा न्यायाधीश. हा मात्र पटापुढे बसला. तीनदा नेदरलँड्सचा विजेता, १९५९ साली ग्रँडमास्टर, १९६७ला व्हेनिसच्या स्पर्धेत पहिला, तेही जगज्जेता पेट्रोस्यान खेळत असताना. आणि हे सगळं चालू असताना तो वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून लिहीत होता. लोडेवाइक प्रिन्स नावाच्या डच बुद्धिबळपटूच्या तर तो मागेच लागला होता. ह्या माणसाला घोडा आणि उंट यांतला फरक कळत नाही, असं त्याने जाहीरपणे लिहिलं. बायकांच्या खेळाबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. बुद्धिबळपटू स्वाती घाटे ज्या गावची, त्या गावच्या मुलीने ते का ऐकून घ्यावं? दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, कारण हरण्याबद्दल इतकं खरं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. स्वतःच्या हरलेल्या डावापुढे तो कुणालाच आड येऊ देत नाही, स्वतःलासुद्धा नाही.

पण बाबा, मी पत्र लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीसाठी.

२४ ऑगस्ट १९८३ला त्याला मेंदूचा झटका आला. वय ५६, म्हणजे तुमच्याहून १५ वर्षांनी लहान. चालणं गेलं. ज्याच्या नावाचा अर्थ 'आनंदाचं अंगण' असा होतो, अशा एका शुश्रूषागृहात त्याला राहावं लागलं. झटका वेळेवरच आला, एवीतेवी ह्या वयात सव्विसाव्या वर्षासारखा खेळ होत नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. तो एका बोटाने टाइप करायला शिकला. एका बोटाने मोठा लेख होत नाही, म्हणून चिमुकले लेख लिहू लागला आणि ते 'एनआरसी हांडेल्सब्लाड' ह्या वर्तमानपत्रात छापून यायचे. त्यांतल्या निवडक लेखांचं पुस्तक झालं. नाव ठेवलं 'माझ्या मृत्यूनंतर लिहिलेलं'. १९८७ला त्याला साहित्यातला मोठा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला.

उन्हाळ्यातल्या स्पर्धांचं वार्तांकन तुम्ही किती वर्षं केलंत! रात्री अकराला सायकलवरून मजकूर पोचवून यायचात. आता उजवा हात उचलत नाही म्हणून लिहिणं संपलं, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. तुमचा डावा हात चांगला आहे, बाबा. वही तोंडपाठ आहे. आईकडून सोंगट्या हलवून घेता आणि तिची चाल चुकली की अजूनही ओरडता, हे तिने मला सांगितलंय.

त्या विसाव्या चालीच्या डावावर मला पाच ओळी हव्या आहेत. जिंकलेल्याच्या बाजूने तुम्ही तो शंभरदा सांगितलात, ह्या वेळी काळ्याच्या बाजूने लिहा. वजीर आपल्या राजासमोर येऊन पडल्यावर त्या खुर्चीत बसलेल्याला काय दिसलं असेल? आठवडा लागला तरी चालेल, महिना लागला तरी चालेल.

आई, मी पाठवलेल्या टॅबलेटवर मराठी कळफलक घातलेला आहे. तो उशीवर टेकवून त्यांच्या डाव्या हाताशी ठेव. अक्षर चुकलं, काना-मात्रा राहिली, तर दुरुस्त करू नकोस. जसं उमटेल तसंच मला पाठव.

तुमची लेक