मित्रास पत्र: ती अर्धी स्ट्रिप

सांगली, मंगळवार रात्र

संज्या,

मेडिकलच्या दुकानाचं शटर ओढलं आणि लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

अभ्यासिकेतल्या पोरानं दिलेली, अभ्यासासाठी तू घेतोस ती गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. तू नाव वाचून दाखवलंस ते मिथाइलफेनिडेट. आमच्याकडे ही गोळी शेड्यूल एक्समध्ये येते: कुलपात ठेवायची, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दोन वर्षं जपायची. सदाशिव पेठेत ती फुटाण्यासारखी कशी वाटली जाते, देव जाणे! १९४४ मध्ये पानिझोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ती बनवली. बायको मार्गरीट, घरी 'रीटा', म्हणून गोळीचं नाव रिटालिन. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष एका जागी न ठरणाऱ्या पोरांना तिचा फरक पडतो, त्यांच्या आया काउंटरवर सांगतात. गोळीशी माझं वैर नाही.

मेंदूतल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडून एकमेकींना निरोप देतात आणि काम झालं की ते परत आत ओढतात. ही गोळी ते दारच अडवते. डोपामिन दोन पेशींमधल्या फटीत रेंगाळतं, आणि पंचायत राजचा रटाळ धडासुद्धा तुला गोड लागतो. कोकेनही हेच दार अडवतं. अँफेटामिन हे दुसरं उत्तेजक औषध तर दार उलटं फिरवून आतलं डोपामिन बाहेर ढकलतं. (तुझ्या कटिंगचं निराळं. झोप आणणाऱ्या अ‍ॅडिनोसिनची जागा कॅफीन बळकावून बसतं, एवढंच.)

पण थकवा जातो कुठे? कुठेच नाही, तो फक्त कळेनासा होतो. हेच बघ: १३ जुलै १९६७, टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत, माँ व्हाँटू डोंगराचा चढ, रणरणतं ऊन. टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू सायकलवरून पडला, त्याला पुन्हा वर बसवलं, थोडं पुढे जाऊन परत कोसळला तो गेलाच. वय २९. पोटात अँफेटामिन आणि दारू, जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या नळ्या. अँफेटामिननं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि 'आता थांब' हे शरीराचं सांगणं ऐकू येत नाही.

तू चढावर नाहीस, खुर्चीत आहेस, मान्य. पण रात्री तीनला छाती धडधडते, दोन दिवस मेसचा डबा तसाच परत जातो, हे तूच सांगितलंस. नाडी आणि बीपी वर, भूक खाली: हे त्या गोळीचंच. शिवाय वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि झोपच तू उडवून बसलायस.

उद्या सकाळीच डॉक्टरकडे जा, गोळीचं नाव लपवू नकोस. मध्येच छातीत दुखलं तर सकाळची वाट बघू नकोस, रूममेटला उठव. मी शनिवारच्या एसटीनं येतो. स्ट्रिप माझ्याकडे दे. आईनं भडंगाचा डबा भरून ठेवलाय, लसूण जास्त घातलाय म्हणाली.

तुझा,
बाळ्या