ग्रामनिधीचा हिशेब मोजपट्टीने

महोदय,

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत जमाखर्च ‘वाचून मंजूर’ होतो आणि चहा येतो. मुळशी, हवेलीतल्या मोठ्या गावांतही गणपूर्तीला (सभेस लागणाऱ्या किमान उपस्थितीला) मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तो आकडा पुरतो. तोही जमत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते! मोजक्या लोकांत ठराव होतात ते असे.

नुसता एकूण खर्च विचारून काही हाती लागत नाही. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या गावाचा मंजूर आराखडा आणि झालेली देयके दिसतात. ती छापून सभेला न्यावीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के बंधित (पाणी व स्वच्छतेवरच खर्चायचा), ४० टक्के अबंधित. हे ठाऊक नसले की ‘पैसे नाहीत’ हे उत्तर मुकाट ऐकावे लागते.

खरी गळती मात्र मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे लिहायच्या नोंदवहीत. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाडीच्या रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागते. जाडी १० सेंटीमीटरच भरली, तर १५ घनमीटर कागदावरच राहते. जाडी ओतकाम चालू असतानाच कडेला पट्टी लावून पाहावी. नंतर रस्ता फोडायला कोणी देत नाही. माहिती अधिकारात कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात, अर्जाचे शुल्क १० रुपये. आणि कोऱ्या इतिवृत्तावर सही करू नये, सरपंच भावकीतला असला तरी.

— काही ग्रामस्थ, ता. मुळशी, जि. पुणे