गृहपाठाचा निरोप मुलांनाच द्या

महोदय,

शाळेच्या कोपऱ्यावर माझे स्टेशनरीचे दुकान आहे. रात्री शटर ओढायच्या वेळेला पालकांची झुंबड उडते. शाळेने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला निरोप माझ्यापुढे धरून म्हणतात, ‘यातलं सगळं द्या, उद्याच न्यायचंय.’ पवनचक्की करायची की पाणचक्की, हे त्यांनाही तेव्हाच कळते. मुलगा कुठे आहे विचारले, तर ‘झोपला’.

केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास आणि सहावी ते आठवीला रोज तासभर, असे म्हटले आहे. एवढा अभ्यास मुलांना नक्की झेपतो. पण निरोपच परस्पर आईच्या मोबाइलवर गेला, तर मुलाने लक्षात तरी काय ठेवायचे? पूर्वी फळ्यावरचे डायरीत उतरवून घ्यावे लागायचे, राहिले तर मैत्रिणीच्या घरी जाऊन विचारावे लागायचे. ती सवय आपण मोडली.

परवा चौथीतली एक मुलगी एकटीच आली. तळहातावर बॉलपेनने यादी: कार्डशीट, घोटीव कागद, डिंक. हातात पन्नासची नोट. कार्डशीटचा भाव विचारला, मनात बेरीज केली आणि डिंकाची मोठी बाटली परत ठेवली. ‘छोटीच द्या काकू, ताईची अर्धी आहे घरी.’ तिचा तक्ता वाकडातिकडा झाला असेल, होऊ दे. तिच्या बाईंनी त्याचे कौतुक केले असेल, अशी मला फार आशा आहे. कारण वर्गात बक्षीस मोठ्यांच्या हातच्या गुळगुळीत कामाला मिळू लागले, की अशा मुली पुढच्या वेळी आईलाच पाठवतात.

पालकांनी जवळ जरूर बसावे. अडले तर ‘आधी तू मोठ्याने वाच’ एवढेच म्हणावे. वही राहिली तर मुलाने स्वतः बाईंना सांगावे, चिठ्ठी देऊ नये. बाईंनीही तेव्हा रागवण्याऐवजी ‘कधी पूर्ण करशील?’ असे विचारावे. शाळांना माझी कळकळीची विनंती आहे: निदान तिसरीपासून पुढे गृहपाठ ग्रुपवर टाकणे थांबवा, मुलांना तो डायरीत लिहून घेऊ द्या. आणि सामान आणायला मुलांनाच दुकानात पाठवा.

– एक स्टेशनरी दुकानदार, पंचवटी, नाशिक