विरोधकांच्या लेखणीचा इतिहास मराठीत आणा : मराठी भाषामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : अठराव्या शतकातील ब्रिटिश विरोधी नेत्यांच्या राजकीय पुस्तिकांचा सटीप मराठी अनुवाद प्रसिद्ध करण्याबाबत.

सन्माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विभागाच्या अखत्यारीतील महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने एक ग्रंथ काढावा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. १७२६ ते १७८४ या काळात लंडनमध्ये सत्तेबाहेर बसलेल्या नेत्यांनी स्वतः लिहिलेल्या किंवा लिहवून घेतलेल्या राजकीय पुस्तिका आणि पत्रके निवडून त्यांचा मराठी अनुवाद व्हावा, सोबत नीट टिपा असाव्यात. मी राज्यशास्त्र शिकवतो. ब्रिटिश संसदेचा इतिहास आमच्याकडे कायद्यांच्या आणि सालांच्या यादीतून शिकवला जातो. ती यादी ज्या भांडणांतून तयार झाली ती भांडणे विद्यार्थ्यांच्या वाचनात येतच नाहीत.

सरकारला विरोध करणे म्हणजे राज्याशी वैर नव्हे, हे आज आपण धरूनच चालतो. विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा आपल्या संसदेने १९७७ मध्ये केला, ब्रिटनने १९३७ मध्ये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला यातले काहीच नव्हते. राजाच्या मंत्र्यांना टोळी करून विरोध करणारा माणूस एक तर पदाचा भुकेला समजला जाई, नाहीतर फितूर. १७१५ मध्ये गादीवरून हटवलेल्या स्ट्युअर्ट घराण्याच्या समर्थकांनी खरोखरच बंड केले होते, त्यामुळे फितुरीचा आरोप ही नुसती शिवी नव्हती, त्यापायी मान जाऊ शकत होती. अशा दिवसांत काही माणसांनी लिहून, छापून, खटले अंगावर घेऊन विरोधाला जागा करून दिली. ती जागा संसदेने आपणहून दिलेली नाही.

यातला सर्वांत ठळक माणूस म्हणजे लॉर्ड बोलिंगब्रोक. राणी ॲनच्या काळात मंत्री असलेला हा गृहस्थ १७१५ मध्ये फ्रान्सला पळाला आणि देशद्रोही ठरला. १७२३ मध्ये त्याला माफी मिळाली, १७२५ मध्ये इस्टेटीचा हक्कही परत मिळाला, पण लॉर्ड्सच्या सभागृहात बसण्याचा हक्क मात्र रॉबर्ट वॉल्पोलच्या सरकारने मिळू दिला नाही. बोलायला सभागृह नाही, मग उरला कागद. कॉमन्समधला, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहातला, वॉल्पोलचा जुना सहकारी विल्यम पुल्टनी याच सुमारास सरकारवर उलटला होता. दोघे एकत्र आले आणि ५ डिसेंबर १७२६ रोजी ‘द क्राफ्ट्समन’ हे पत्र निघाले. संपादक निकोलस ॲमहर्स्ट, पण पत्रावर नाव ‘केलेब डॅन्व्हर्स’ या काल्पनिक वकिलाचे.

विद्यार्थ्यांना हे पत्र दाखवावेसे वाटते ते त्याच्या लिहिण्याच्या रीतीसाठी. मंत्र्याचे नाव उघड छापले की बदनामीचा खटला ठरलेला. म्हणून नावाचे पहिले अक्षर, मग लांब रेघ, मग शेवटचे अक्षर. किंवा लेख वुल्झीवर, आठव्या हेन्रीच्या त्या सर्वशक्तिमान मंत्र्यावर. किंवा रोमच्या बादशहाचा तसाच बलाढ्य मंत्री सेजानस याच्यावर. वाचणाऱ्याला कळायचे की हा वॉल्पोल. सरकारी वकिलाला मात्र कोर्टात उभे राहून, ‘या दुष्ट मंत्र्याच्या वर्णनात आमचेच मंत्री ओळखू येतात,’ असे सिद्ध करावे लागायचे. बोलिंगब्रोकने इंग्लंडच्या इतिहासावर लिहिलेली लेखमाला याच जातीची आहे. राजे जुने, हिशेब चालू. असा मजकूर टिपांशिवाय वाचला तर त्यातले निम्मे हातून निसटते. म्हणूनच नुसता अनुवाद पुरणार नाही, टिपांचा आग्रह आहे.

किंमत छापणाऱ्याने मोजली. कॉव्हेंट गार्डनमध्ये रसेल स्ट्रीटवर रिचर्ड फ्रँकलिनचे दुकान होते. १७२९ मध्ये ज्यूरीने त्याला सोडले, तेव्हा पुल्टनीने त्या प्रामाणिक ज्यूरीवर गाणे रचले. पुढच्या खटल्याला सरकारने तयारी वेगळी केली, ज्यूरी खास निवडीची आणली. हेगहून आलेले एक पत्र जानेवारी १७३१ मध्ये छापल्याबद्दल फ्रँकलिनला वर्षाचा तुरुंगवास आणि शंभर पौंड दंड झाला. लिहिणारे थोर घराण्यातले होते, ते बाहेरच राहिले. ग्रंथ निघाला तर त्यात या मुद्रकावर एक स्वतंत्र टिपण असावे असे मला मनापासून वाटते.

अबकारीचे प्रकरण तर अख्खे वर्गात घेण्याजोगे आहे. वाइन आणि तंबाखूवर बंदरात घेतली जाणारी जकात काढून टाकायची, माल सरकारी गोदामात ठेवायचा आणि देशात विक्रीला निघेल तेव्हा त्यावर अबकारी घ्यायची, अशी वॉल्पोलची योजना होती. हिशेबाच्या बाजूने ती चांगली होती. चोरट्या आयातीला चाप बसला असता, जमिनीवरचा कर हलका झाला असता. पण अबकारी अधिकाऱ्याला दुकानात, वखारीत शिरून झडती घेता येत असे आणि अनेक तंट्यांचा निकाल ज्यूरीपुढे न जाता आयुक्तांपुढे लागत असे. विधेयक यायच्या आधीच, १७३२ च्या अखेरीस, ‘क्राफ्ट्समन’ने यावर रान उठवले. ‘गुलामी नको, अबकारी नको, लाकडी बूट नकोत’ ही घोषणा तोंडोतोंडी झाली. लाकडी बूट म्हणजे फ्रान्सच्या नागवलेल्या शेतकऱ्याच्या पायातले. मार्च १७३३ मध्ये योजना कॉमन्सपुढे आली तेव्हा सरकारचे मताधिक्य ६१ होते, महिन्याभरात ते १७ वर आले. ११ एप्रिलला वॉल्पोलने माघार घेतली आणि लंडनच्या रस्त्यांवर होळ्या पेटल्या.

या प्रचारात खोटेही होते. भाकरी-मांसावरही कर येणार, घराघरात अधिकारी शिरणार, अशी भीती घालण्यात आली. विधेयकात तसे काही नव्हते. विद्यार्थ्याला हेही दिसले पाहिजे. झडतीच्या अधिकाराबद्दलची शंका रास्त होती, भाकरीवरच्या कराची आवई खोटी होती, आणि दोन्ही एकाच पानावर छापलेल्या होत्या. ही निवड करायला शिकणे हेच माझ्या विषयाचे काम आहे, आणि त्यासाठी मूळ मजकुराइतके चांगले साधन दुसरे नाही.

वॉल्पोल गप्प बसला नव्हता. त्याने स्वतःची पत्रे उभी केली, लेखक पगारावर ठेवले आणि सरकारी बाजूची पत्रे टपाल खात्यामार्फत देशभर फुकट वाटली. तो पडल्यावर १७४२ मध्ये संसदेच्या गुप्त समितीने हिशेब तपासला. दहा वर्षांत लेखकांना आणि मुद्रकांना सरकारी तिजोरीतून दिलेली रक्कम ५०,०७७ पौंड निघाली. एवढा पैसा ओतूनही आज वाचाव्याशा वाटतात त्या पुस्तिका बहुतेक विरोधकांच्याच आहेत. सरकारी बाजूचा अपवाद करायचा तर लॉर्ड हार्वीचा, त्याच्या लेखणीला खरी धार होती. हार्वीच्याच समजल्या गेलेल्या एका पुस्तिकेला पुल्टनीने इतके बोचरे उत्तर दिले की २५ जानेवारी १७३१ रोजी दोघांनी सेंट जेम्स पार्कमध्ये तलवारी उपसल्या. दोघेही थोडक्यात वाचले. त्याच वर्षी पुल्टनीने आणखी एका पुस्तिकेत वॉल्पोलशी पूर्वी झालेले खासगी बोलणे उघड केले. दुसऱ्या जॉर्जने स्वतःच्या हाताने प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, यादीतून त्याचे नाव खोडले.

हाच पुल्टनी १७४२ मध्ये अर्लपद घेऊन लॉर्ड्समध्ये जाऊन बसला. सोळा वर्षे ज्यांनी त्याचे लिखाण वाचले होते त्यांना तो विश्वासघात वाटला, आणि मला त्यांचा राग बरोबर वाटतो. तरीही त्याच्या पुस्तिका वाचाव्यात. लिहिणारा ढळला म्हणून मुद्दा पडत नाही.

मुद्दा नेमका काय, हे बोलिंगब्रोकच्या ‘डिसर्टेशन अपॉन पार्टीज’मध्ये दिसते. ही लेखमाला १७३३-३४ मध्ये ‘क्राफ्ट्समन’मध्ये आली, आणि १७३५ मध्ये पुस्तक झाले तेव्हा वॉल्पोललाच अर्पण केलेली होती. व्हिग आणि टोरी या दोन पक्षांतले जुने भेद संपले आहेत, खरा भेद दरबार आणि देश यांच्यात आहे, असे त्याचे म्हणणे. पण त्यालाही पक्ष ही गोष्ट कायमची नको होती. वाईट मंत्री गेला की पक्षही मावळावेत, अशी त्याची कल्पना. पक्ष असणे हे चांगल्या राज्यकारभाराचेच अंग आहे, असे ठामपणे मांडायला एडमंड बर्क यावा लागला.

बर्क हा लॉर्ड रॉकिंगहॅमच्या विरोधी गटाचा लेखक आणि खासदार. १७६९ मध्ये मिडलसेक्सच्या मतदारांनी सरकारवर कडाडून टीका करणाऱ्या जॉन विल्क्सला पुन्हा पुन्हा निवडून दिले आणि कॉमन्सने प्रत्येक वेळी ती निवडणूक रद्द करून शेवटी हरलेल्या उमेदवाराला बसवले. त्या संतापाच्या वातावरणात एप्रिल १७७० मध्ये बर्कने ‘थॉट्स ऑन द कॉज ऑफ द प्रेझेंट डिस्कन्टेन्ट्स’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. छापण्यापूर्वी हस्तलिखित गटातल्या नेत्यांकडे फिरले होते. म्हणजे हे एकट्याचे मनोगत नव्हते, गटाची जाहीर भूमिका होती. सर्वांना मान्य असलेल्या एखाद्या तत्त्वावर एकत्र येऊन राष्ट्रहितासाठी झटणाऱ्या माणसांचा समूह म्हणजे पक्ष, ही त्याची व्याख्या आजही परीक्षेला विचारतात. मुले ती पाठ करतात. ती विल्क्सच्या निवडणुकीच्या धामधुमीत लिहिलेली आहे, आणि तिला त्याच वर्षी कॅथरीन मॅकॉले या इतिहासकार बाईंनी छापील उत्तर दिले आहे, याची त्यांना कल्पना नसते. मॅकॉलेबाईंचा आक्षेप असा की बर्कला रोग दिसला, पण औषध म्हणून तो आपल्याच सरदारांच्या गटाला पुढे करतो. आक्षेप जबर आहे. दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी छापल्या तर वर्गात आठवडाभराची चर्चा होईल.

आता महाराष्ट्राच्या पैशाने हे का काढावे, असा प्रश्न कुणी विचारील. या कागदांत आपणही आहोत, हे त्याचे उत्तर. १७६९ ते १७७२ या काळात ‘ज्युनियस’ या टोपणनावाने निघालेल्या पत्रांनी मंत्र्यांना आणि खुद्द तिसऱ्या जॉर्जला धारेवर धरले. ती छापणाऱ्या वुडफॉलला ज्यूरीने ‘केवळ छापल्याबद्दल आणि प्रसिद्ध केल्याबद्दल दोषी’ एवढाच, मजकूर राजद्रोही आहे असे न म्हणणारा निकाल देऊन प्रत्यक्षात वाचवले. ज्युनियस कोण, यावर बहुतेक अभ्यासक फिलिप फ्रान्सिसचे नाव घेतात. हाच फ्रान्सिस १७७४ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात आला. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह ज्या कौन्सिलाने फेटाळला आणि कर्नल अप्टनला पुरंदरला पाठवून १ मार्च १७७६ चा तह करवला, त्यात तो होता.

आणि बर्क. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील हणमंतराव लंडनला पोहोचले तेव्हा त्यांची आबाळ चाललेली पाहून बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले. ब्राह्मणाला स्वतःच्या आचाराप्रमाणे रांधून जेवता यावे म्हणून त्याने बागेतले काचघर त्यांना मोकळे करून दिले. दोन वर्षांनी, डिसेंबर १७८३ मध्ये, ईस्ट इंडिया विधेयकावर बोलताना कंपनीने हिंदुस्थानात कुणाकुणाचा सौदा केला याची यादी त्याने सभागृहापुढे वाचली. राघोबा आणि पेशवा, दोघांनाही बेरारच्या राजाला, म्हणजे नागपूरकर भोसल्यांना, विकायला काढले होते, असे त्या यादीत आहे. महिना उलटायच्या आत बर्क ज्यात होता ते सरकार पडले, तो पुन्हा विरोधात गेला, आणि जानेवारी १७८४ मध्ये ते भाषण पुस्तिका म्हणून छापले गेले. पुण्याच्या आणि नागपूरच्या राजकारणाची ही लंडनमधली नोंद मराठी वाचकाला मराठीत मिळू नये, हे मला फार खटकते.

मंडळाला हे काम अवघड नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष असलेली ही संस्था आहे. माझ्या सूचना थोड्या आहेत. प्रत्येक पुस्तिकेसोबत तिला त्या काळी मिळालेले उत्तरही छापावे, मग ते सरकारी पैशाने लिहिलेले असले तरी. पुल्टनीला हार्वीसह वाचावे, बर्कला मॅकॉलेबाईंसह. टिपा इंग्रजी कायद्याचा आणि मराठेशाहीचा अभ्यास असलेल्या दोघांनी मिळून लिहाव्यात. मजकूर कापून सुबोध करू नये. बोलिंगब्रोकची वाक्ये लांब आहेत, ती तशीच राहू द्यावीत. छापील प्रतीबरोबरच मंडळाच्या संकेतस्थळावर तो मोफत ठेवावा, कारण तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी तिथूनच वाचणार आहे.

सगळा काळ एकदम घेणे जमत नसेल तर पहिला खंड १७२६ ते १७४२ एवढाच काढावा, बर्क आणि ज्युनियस दुसऱ्या खंडात घ्यावेत. निवडीची प्राथमिक यादी मी तयार केली आहे. आपल्या कार्यालयाने कळवल्यास ती लगेच पाठवतो. या कामात अनुवादाची तपासणी किंवा टिपांसाठी लागेल ती मदत मी विनामोबदला करीन. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक