संगीतकक्षाला संध्याकाळी कुलूप का?

महोदय,
सकाळी तासिका, दुपारनंतर दुकानात बिलिंगचे काम आणि रात्री अभ्यास, असा दिवस काढणारे आम्ही विद्यार्थी. दिवसभर उभे राहून पाय दुखतात, ते सोसता येते. पण सुटल्यावर तंबोरा जुळवायला जावे, तर महाविद्यालयाच्या संगीतकक्षाला कुलूप! घरी रात्री आवाज लावला की शेजारी दार वाजवतात (त्यांचेही चूक नाही म्हणा). ‘गाणी ऐकत अभ्यास कर’ हा सल्ला तर फुकटच मिळतो. शब्द असलेले गाणे वाचनाच्या आड येते. डोळे ओळीवर, मन अंतऱ्यावर. शिवाय ऐकणे म्हणजे रियाज नव्हे. कक्षाची किल्ली संध्याकाळी ग्रंथालयात ठेवली, तरी आमचे भागेल. परीक्षेचे वेळापत्रकही जरा आधी लावावे. ऐनवेळी रजा मागितली की मालकाच्या कपाळावर आठ्या पडतात.

– एक विद्यार्थिनी