औषध फेल गेलं नव्हतं, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "मावशी, नाव नको हं, मी डॉक्टर नव्हे, औषधाच्या डोसाचा हिशेब करणारी बाई," असं तुम्ही बजावलं होतं. पण पत्र मात्र चारचौघांत वाचता येईल असं लिहितेय. दवाखान्याच्या त्या बाकावर औषधाचा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्यासारख्या अजून आया मी बघितल्यात. त्यांच्यापर्यंतही हे जाऊ दे.

मी बेळगावच्या वडगावात ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. लेक सतरा वर्षांची असताना तिच्या पोटात दुखायला लागलं. दिवसाला सात-आठ वेळा संडास, ताप, अंगावरचं मांस उतरत चाललेलं. आधी आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या. मग दुसऱ्यांदा दुर्बीण घातली, तुकडा तपासला, तेव्हा क्रोन्स निघाला, म्हणजे आतड्याला सूज येऊन जखमा होणारा जुनाट आजार. हे दोन्ही आजार आतून इतके सारखे दिसतात की आपल्याकडे भल्याभल्यांना चकवतात, असं नंतर कळलं. त्यामुळे त्या सहा महिन्यांचा राग धरून बसले नाही. मग स्टेरॉइड. तोंड पुरीसारखं सुजलं. कॉलेजातल्या पोरी "गुबगुबीत झालीस" म्हणायच्या आणि ही घरी येऊन रडायची.

त्यानंतर इन्फ्लिक्सिमॅब, हे सलाईनमधून चढवायचं औषध. पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा, सहाव्या आठवड्याला तिसरा, पुढे दर आठ आठवड्यांनी. किलोमागे ५ मिलिग्रॅम. पोरीचं वजन ४२, म्हणजे २१० मिलिग्रॅम. वायल, म्हणजे औषधाची बाटली, १०० ची. वरच्या १० मिलिग्रॅमसाठी तिसरी वायल कोण फोडणार? २०० वर बसवलं. पहिल्या तीन डोसांत पोरगी उठून बसली. मी कपिलेश्वराला अभिषेक घातला. आणि मग आठ आठवड्यांचं चक्र सुरू झाल्यावर घात झाला. डोस झाला की महिनाभर बरी, पाचव्या आठवड्यापासून कुरकुर, सातव्या आठवड्याला पुन्हा अंथरुणावर.

तेव्हा ज्या मोठ्या ठिकाणी दाखवत होतो तिथं एकानं फाईल चाळून सांगितलं, "औषध फेल गेलंय. बदलावं लागेल." दोन मिनिटांत. बाहेर येऊन मी जिन्यात बसले. एवढं महागाचं औषध फेल गेल्यावर त्याच्या पुढचं काय असणार, आणि ते कुठून आणणार?

तुम्ही भेटलात ते त्याच्या पुढच्या महिन्यात, दुसऱ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी रक्तातली औषधाची लेव्हल काढायला सांगितली होती. पुढचा डोस चढवायच्या अगदी आधी रक्त घ्यायचं, म्हणजे तळाला किती उरलंय ते कळतं. एकदा हाच घोळ झाला होता. एका लॅबवाल्यानं सलाईन उतरल्यावर रक्त घेतलं आणि आकडा असा भरघोस आला की सगळे खूश. त्या आकड्याला काडीचा अर्थ नव्हता. या वेळी नीट घेतलं. नमुना बाहेरगावी गेला आणि रिपोर्ट आला ०.६. पाचच्या वर हवं म्हणतात. औषधाविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे औषधाला परकं समजून निकामी करायला अंगानंच बनवलेली प्रथिनं, मात्र नव्हत्या.

तुम्ही बाकावर माझ्या शेजारी येऊन बसलात. मला वाटलं, सही घ्यायला आलात. फॉर्म कन्नडमध्ये, मी चष्मा शोधायला लागले, तर म्हणालात, "सही नको मावशी. कुठल्या तारखेला किती वाजता औषध चढवलं ते सांगता येईल काय?"

मी मापाची वही काढली. तिच्यात पुढून गिऱ्हाइकांची मापं आणि मागून लेकीचं सगळं: तारीख, वजन, सलाईन किती वाजता लावलं, कधी संपलं, रक्त कधी काढलं. सवयच आहे, लिहिलं नाही तर विसरतं. तुम्ही ती पानं बघून इतक्या खूश झालात की मला कळेना यात काय एवढं. म्हणालात, लोकांकडून आकडा मिळतो, पण वेळ मिळत नाही, आणि वेळेशिवाय आकडा आंधळा. वेळ नक्की माहीत असली तर अधल्यामधल्या दिवशी घेतलेल्या रक्ताचासुद्धा हिशेब लावता येतो. सलाईननंतर घेतलेला तो वाया गेलेला आकडाही तुम्ही त्याच्या वेळेसकट मांडून घेतलात. माझ्या दहा वर्षांच्या वहीला असा मान आजवर कुणी दिला नव्हता.

मग तुम्ही माझ्या पर्समधला खडू मागितलात आणि फाईलच्या निळ्या पुठ्ठ्यावर पायऱ्या काढल्यात. औषध अंगभर पसरून स्थिरावलं की रक्तात साधारण ४२. हिच्या अंगात दर नऊ-सव्वानऊ दिवसांनी ते निम्मं होतंय. ४२ चे २१. मग साडेदहा. मग सव्वापाच. अडीचच्या जरा वर. सव्वा. आणि सहाव्या पायरीला पाऊणपेक्षाही कमी. सहा पायऱ्या म्हणजे छप्पन दिवस. सव्वापाचवर तुम्ही खडूनं गोल केलात आणि विचारलंत, "ही कितवी पायरी?" तिसरी. अठ्ठावीस दिवस. पोरगी पाचव्या आठवड्याला कुरकुरायला लागायची ती का, हे मला कुणीही न सांगता तिथं दिसलं.

"फेल गेलेलं नाही मावशी. पुरत नाहीये."

हे वाक्य तुम्ही सहज बोललात. मी मात्र त्या रात्री झोपले, बऱ्याच दिवसांनी.

लगेच माझी शंका: रक्त तळाचं एकदाच घेतलं, मग दर नऊ दिवसांनी निम्मं होतं हे तुमच्या हिशेबाच्या मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, कसं कळलं? तुम्ही सांगितलंत, आधी हजारो पेशंटांचे आकडे जमवलेले असतात. कुणाचे दोन, कुणाचे तीन, एकाचेही पुरेसे नाहीत. पण सगळे एकत्र मांडले की कळतं साधारण माणूस हे औषध किती वेगानं काढून टाकतो, माणसामाणसात फरक किती, आणि तो फरक कशानं पडतो: वजन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), अँटिबॉडी. त्याला पॉप्युलेशन मॉडेल म्हणायचं. मग एका पेशंटचा एक आकडा घालायचा, की मॉडेल त्या साधारण माणसाला सरकवत सरकवत आपल्या पोरीजवळ आणतं.

मी म्हटलं, म्हणजे आमच्यासारखंच की! पुण्याला दिलेली पोर फोनवर नुसती छाती आणि उंची सांगते. मी मुंढा, खांदा, बाही सगळं कापते, कारण तसल्या अंगाचे शेकडो ब्लाउज हाताखालून गेलेत. आत मार्जिन सोडते. ट्रायल झाली की उसवून घेते किंवा दाबते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, हे बेझ नावाच्या पाद्र्याचं गणित, १७६३ साली छापलेलं, आणि तुम्ही ते कात्रीनं करता.

मोबाइलवर तुम्ही एक जुना लेखही दाखवलात, १९७७ चा. नेहमीच्या पेशंटांच्या तुटपुंज्या आकड्यांतूनही सगळ्यांचं मिळून चित्र काढता येतं, हे ज्यांनी मांडलं त्यांचा. वर तीन नावं: शायनर, रोझेनबर्ग आणि मराठे. "बघा, तुमचे मराठे!" म्हणून तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. कुठले मराठे ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. पण गोकाककडची कन्नड पोर वडगावच्या बाईला सॅन फ्रान्सिस्कोतला मराठे दाखवतेय, यात मला जी मजा आली ती काय सांगू. आपल्याकडे पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून १९५६ पासून काय काय झालंय ते दोघींना माहीत आहे. त्या बाकावर तुमचं निपाणीच्या आजीकडून शिकलेलं मराठी आणि माझं बाजारातलं कन्नड, दोन्ही मिळून काम भागलं.

पोरीच्या अंगातून औषध लवकर का जातं, तेही तुम्ही सांगितलंत. अल्ब्युमिन २.८. हे औषध म्हणजे स्वतःच एक बाहेर बनवलेली अँटिबॉडी, प्रथिनच, आणि अंगात जी यंत्रणा अल्ब्युमिनला मोडण्यापासून वाचवते तीच अँटिबॉडीलाही वाचवते. शिवाय आतड्याला जखमा असल्या की दोन्ही तिथून गळतात. म्हणून अल्ब्युमिन कमी दिसलं की औषधही टिकत नसणार, असं समजायचं. जितका आजार जोरात तितकं औषध लवकर संपतं, आणि औषध संपलं की आजार आणखी जोरात. त्यात किलोमागे डोस देण्याची पद्धत बारक्या माणसावर अन्याय करते. वजन निम्मं म्हणून औषध बाहेर पडण्याचा वेग निम्मा होत नाही. हे मला लगेच पटलं, छाती ३२ ची ४० झाली म्हणून खांदा त्या हिशेबानं वाढत नाही. कापड कापणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आता त्या दिवशीचं खरं काम. बोलणं चाललं होतं डोस दुप्पट करायचं: ४०० मिलिग्रॅम, आठ आठवड्यांनीच. मलाही तेच बरं वाटत होतं, फेऱ्या वाढत नाहीत. तुम्ही पुठ्ठ्यावर ४२ च्या वर एक पायरी काढलीत, तिथं ८४ लिहिलंत आणि पुन्हा सहा पायऱ्या उतरलात. तळाला सव्वा! दुप्पट औषध घालून मिळालं काय, तर एक पायरी. नऊ दिवस. तेच २०० चार आठवड्यांनी दिलं तर तळाला सव्वापाच, त्यात आधीच्या डोसाचं थोडं उरलेलं, म्हणजे सहाच्या आसपास. आणि वर्षाच्या वायल? दोन्हीकडे २६. तेवढ्याच कापडात एक ब्लाउज अंगाला बसतो आणि एक नाही. मी ते दोनदा मोजून बघितलं.

तुम्ही लगेच हातही आखडता घेतलात, ते मला जास्त आवडलं. म्हणालात, मशीन सहा म्हणतंय, पण खरं साडेतीनपासून नऊपर्यंत कुठंही निघू शकेल. हे मॉडेल बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या पेशंटांवरून केलेलं, त्यांची वजनं आपल्या पोरीच्या दीडपट-दुप्पट. बेळगावची ४२ किलोची मुलगी त्याच्या अगदी काठावर बसते. म्हणून नुसतं मशीनवर सोडायचं नाही, परत रक्त बघायचं. आणि अँटिबॉडी भरपूर असत्या तर डोस वाढवण्यात अर्थ नव्हता, मग औषध बदला म्हणणारेच बरोबर ठरले असते. एवढं बोलून कागद तुम्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलात. ठरवलं त्यांनी. चार आठवडे.

खर्च दुप्पट झाला, ते लपवून काय करू? पाटल्या मोडल्या. पण औषध आठ आठवड्यांनी देऊन पोरीला निम्मे दिवस अंथरुणावर ठेवण्यात कुठली बचत होती?

दर महिन्याला ती सिस्टर वायलमध्ये पाणी सोडते आणि हलवत नाही, नुसती बोटांत फिरवते. घुसळलं तर फेस होतो म्हणते. मी समोर बसून ते फिरवणं बघते. पूर्वी डोळे मिटून रामरक्षा म्हणायचे, आता वहीत वेळ लिहिते.

तिसऱ्या डोसाच्या आधी रक्त घेतलं. ५.४. सहा नव्हे. मी घाबरून फोन केला तर तुम्ही म्हणालात, "चांगलं आहे की ओ मावशी, मशीनला एक माप मिळालं." आकडा आत घातलात, रेघ जराशी खाली सरकली. आज वजन ४६, अल्ब्युमिन ३.६, आणि औषध आता जास्त दिवस टिकतंय असं मॉडेलही म्हणतंय आणि पोरगीही. डॉक्टरांनी पाच आठवड्यांवर नेलंय. पुढच्या रक्तानंतर सहाचं बघू म्हणालेत. परवा तिनं पावशेर कुंदा एकटीनं संपवला. मी ओरडले, आणि ओरडताना लक्षात आलं की वर्षभरात तिला जास्त खाल्लं म्हणून ओरडलेच नव्हते.

निळी फाईल अजून तशीच आहे. खडू पुसू नये म्हणून वर प्लास्टिक शिवलंय.

एक राहिलं. त्या दिवशी तुमच्या अंगावर जांभळी इरकल होती आणि ब्लाउज रेडिमेड, डाव्या खांद्यावरून सारखा घसरत होता. तुम्ही गणित सांगत होता आणि माझं निम्मं लक्ष त्या खांद्यावर. माप न घेता, नजरेच्या अंदाजानं एक कापलाय. छाती ३४ धरलीय, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच मार्जिन ठेवलंय. मंगाईच्या यात्रेआधी गर्दी होते, त्याच्या आत एकदा ट्रायलला येऊन जा. हूक अजून लावलेले नाहीत.

तुमची,
वडगावची मावशी